जनरल ग्रँट, अथवा भरवसा आणि हिशेब

व्यापारात बुडालेल्या मनुष्याविषयी लोकांचे दोन तर्क ठरलेले असतात : एक तर तो लबाड असला पाहिजे, नाही तर अडाणी. परंतु ह्या दोहोंपैकी एकही नसता मनुष्य स्वतः बुडतो, आपल्या नावावर विसंबलेल्या इतरांसही बुडवितो, आणि पेढीच्या दारास कुलूप लागेपर्यंत सर्व काही सुरळीत चालले आहे अशा समजुतीत असतो, असा तिसराही एक प्रकार आहे. आमच्या मते समाजास पहिल्या दोहोंपेक्षा ह्या तिसऱ्यापासूनच अधिक धोका पोहोचतो. लबाडाविषयी लोक सावध असतात आणि अडाण्याच्या हाती कोणी पैसा देत नाही. पण भल्या मनुष्याच्या नावावर सर्वजण डोळे मिटून विसंबतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अठरावा अध्यक्ष युलिसिस ग्रँट हा ह्या तिसऱ्या प्रकारातला होता. त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो, ते तो मोठा सेनापती होता एवढ्याचसाठी नव्हे, तर ज्या एका गुणाने तो चढला त्याच गुणाने तो कसा पडला, हे पाहण्यासारखे आहे म्हणून.

सन १८७९ च्या फेब्रुवारी महिन्यात हा गृहस्थ मुंबईस उतरला होता. अध्यक्षपदाच्या दोन मुदती संपवून तो पत्नीसह पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला होता, आणि युरोपातील राजेरजवाड्यांचा पाहुणचार घेऊन इकडे आला होता. मलबार पॉइंटवरील सरकारी बंगल्यात त्याचा मुक्काम झाला. पुढे आग्रा, जयपूर, दिल्ली, लखनौ, काशी अशी स्थळे पाहून तो कलकत्त्यास गेला व तेथून ब्रह्मदेश, चीन, जपानकडे वळला. त्या काळी जिवंत असलेल्या अमेरिकनांत त्याच्याइतका प्रसिद्ध मनुष्य दुसरा नव्हता. आणि त्यानंतर अवघ्या सव्वापाच वर्षांनी, १८८४ च्या मे महिन्यात, न्यूयॉर्क शहरी ह्याच मनुष्याने घरातली रोकड मोजून पाहिली, तेव्हा त्याच्याजवळ सुमारे ऐंशी व पत्नीजवळ सुमारे एकशे तीस डॉलर निघाले. मधल्या काळात त्याने जुगार खेळला नव्हता की उधळपट्टी केली नव्हती. मग हे झाले कसे? उत्तर शोधावयाचे तर आरंभापासून निघाले पाहिजे.

ग्रँटचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो संस्थानात पॉइंट प्लेझंट ह्या खेड्यात झाला. बाप जेसी हा कातडी कमावण्याचा धंदा करी, व्यवहारात मोठा पक्का होता. मुलास मात्र त्या धंद्याची शिसारी होती. त्याचा जीव घोड्यांत. तो आठएक वर्षांचा असताना शेजारच्या एका गृहस्थाचे शिंगरू त्याच्या मनात भरले. मालक पंचवीस डॉलर मागत होता. बापाच्या मते ते विसाचे होते. मुलाने हट्ट धरिला, तेव्हा बापाने त्यास शिकविले की, आधी वीस सांग, न दिल्यास साडेबावीस, आणि तेही न पटल्यास पंचवीस देऊन टाक. मुलाने मालकाकडे जाऊन बापाचा हा सारा उपदेश जसाच्या तसा बोलून दाखविला! सौदा कितीस तुटला असेल हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. गावातल्या पोरांनी त्यास पुष्कळ दिवस चिडविले. ही गोष्ट ग्रँटने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेविली आहे. आपल्या मनात आहे तेच दुसऱ्याच्या मनात असावे, ही समजूत त्याला त्या वयात होती आणि साठाव्या वर्षीही ती पुरती गेली नव्हती.

सतराव्या वर्षी बापाने त्यास वेस्ट पॉइंट येथील सैनिकी शाळेत धाडिले. त्याचे खरे नाव हायरम युलिसिस. शिफारस करणाऱ्या प्रतिनिधीने चुकून युलिसिस एस. असे लिहिले, ते दप्तरातून काही निघेना, म्हणून त्याने तेच नाव पत्करिले. एकोणचाळीस विद्यार्थ्यांत त्याचा नंबर एकविसावा आला. पुढे मेक्सिकोवरील लढाईत त्याने रसदखात्याचे काम केले आणि धैर्यही दाखविले. मात्र ती लढाई बलिष्ठ राष्ट्राने दुर्बळावर लादलेली अन्यायाची लढाई होती, असे त्याने पुढे स्पष्ट लिहिले. १८४८ साली सेंट लुई नजीकच्या एका जमीनदाराची कन्या जूलिया डेंट हिच्याशी त्याचे लग्न झाले. सासरा गुलाम बाळगणारा आणि बाप गुलामगिरीचा द्वेष्टा, म्हणून बाप लग्नास गेला नाही. त्यानंतर पलटणीबरोबर त्याची पॅसिफिक किनाऱ्यावर रवानगी झाली. बायकामुले दोन हजार मैल दूर, पगार तुटपुंजा. जोडधंदा म्हणून त्याने बटाटे पेरून पाहिले, बर्फ विकून पाहिला, सर्वांत खोट आली. मद्याची सवय जडल्याची बोलवा उठली आणि १८५४ साली त्याने नोकरीचा राजीनामा दिला. परत येताना न्यूयॉर्क येथे तो इतका कफल्लक झाला की, वेस्ट पॉइंटचा जुना सोबती सायमन बकनर हा त्याच्या खाणावळीच्या बिलास जामीन राहिला, तेव्हा त्याची सुटका झाली. हा बकनर वाचकांनी ध्यानात ठेवावा; तो पुढे आणखी तीन वेळा भेटावयाचा आहे.

पुढली सात वर्षे निव्वळ अपयशाची. सासऱ्याने दिलेल्या जमिनीवर त्याने स्वतःच्या हातांनी लाकडी घर बांधिले. शेती पिकेना, म्हणून जळाऊ लाकडाची गाडी भरून तो सेंट लुईच्या रस्त्यांवर विकीत असे. १८५७ च्या नाताळात त्याने आपले सोन्याचे घड्याळ बावीस डॉलरांस गहाण ठेविले. भाडेवसुलीच्या धंद्यात भागी घेतली. पण कुळाने रड सांगितली की हा रिकाम्या हाताने परत येई. ह्या दारिद्र्यातही एक गोष्ट त्याने अशी केली की, तिच्यापुढे पुढील सारे विजय आम्हांस फिके वाटतात. सासऱ्याकडून त्याच्याकडे विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम आला होता. बाजारात त्याचे शेकडो डॉलर सहज आले असते, आणि ग्रँटच्या घरात तर पैशाची चणचण पाचवीला पुजलेली. तथापि १८५९ च्या मार्च महिन्यात त्याने न्यायकचेरीत जाऊन जोन्स ह्यास विनामोबदला मुक्त केले. पुढील वर्षी तो बापाच्या गलीना येथील चामड्याच्या दुकानात, धाकट्या भावांच्या हाताखाली, कारकून म्हणून बसला. वय अडतीस, चार मुले, आणि गावातले लोक त्याची कीव करीत.

दक्षिणेकडील संस्थाने गुलामगिरीच्या रक्षणार्थ फुटून निघाली व १८६१ च्या एप्रिलात यादवी युद्ध पेटले. ह्या कारकुनास पलटणीचे पुन्हा काम मिळाले, आणि तीन वर्षे पुरी होण्याच्या आत तो संयुक्त संस्थानांच्या सर्व सैन्यांचा सेनापती झाला. १८६२ च्या फेब्रुवारीत डोनेल्सनचा किल्ला पडला. किल्ला स्वाधीन करणारा सरदार तोच बकनर. ग्रँटने त्यास कोणतीही अट देण्याचे नाकारिले; पण शरणागतीचा विधी झाल्यावर एकांतात त्यास आपली पैशाची थैली देऊ केली. एप्रिलात शायलो येथे अतोनात प्राणहानी झाली. ग्रँट गाफील सापडला असे म्हणून त्यास काढून टाकण्याची ओरड उठली. परंतु जो लढतो त्यास दवडणे परवडणार नाही, हे अध्यक्ष लिंकन ह्याने ओळखिले. ४ जुलै १८६३ रोजी मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्ग शहर सुमारे तीस हजार सैन्यासह त्याच्या हाती आले व शत्रूचा मुलूख दुभंगला. १८६४ च्या उन्हाळ्यात व्हर्जिनियातील मोहिमेत अवघ्या सहा आठवड्यांत त्याचे पन्नास हजारांवर लोक मेले, जायबंदी झाले अथवा सापडले. कोल्ड हार्बर येथील शेवटच्या हल्ल्याचा त्यास जन्मभर पश्चात्ताप होता, आणि तो त्याने लपविला नाही.

ह्या युद्धातले त्याचे एक कृत्य मात्र व्यापारी वाचकांनी मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. उत्तरेच्या गिरण्यांस कापूस हवा आणि दक्षिणेस सोने हवे, म्हणून सैन्याच्या छावण्यांतून चोरटा व्यापार जोरात चाले. त्यात नाना जातींचे लोक होते. ग्रँटचा बापही काही यहुदी व्यापाऱ्यांशी नफ्यात भागी ठरवून मुलाकडे परवाने मागावयास आला. ह्या सर्व प्रकाराने चिडून ग्रँटने १७ डिसेंबर १८६२ रोजी हुकूम काढिला की, आपल्या अंमलाखालच्या मुलखातून सर्व यहुद्यांनी निघून जावे. केंटकीतील पडूका गावच्या सभ्य, निरुपद्रवी कुटुंबांस ह्या हुकमाने घरे सोडावी लागली. त्यांनी लिंकनकडे धाव घेतली व काही दिवसांतच हुकूम रद्द झाला. थोड्या लबाडांचा दोष एका संबंध जातीच्या माथी मारणे ह्यासारखे सोपे आणि ह्यासारखे अन्यायाचे दुसरे काही नाही. ग्रँटच्या पदरी एवढेच जमा करावे लागते की, पुढे त्यास ह्या कृत्याची लाज वाटली. अध्यक्ष झाल्यावर त्याने यहुद्यांस सरकारी हुद्दे दिले आणि १८७६ साली वॉशिंग्टन येथील त्यांच्या नव्या प्रार्थनामंदिराच्या समारंभास तो स्वतः हजर राहिला.

९ एप्रिल १८६५ रोजी अपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. त्या दिवशीच्या ग्रँटच्या वर्तनास तोड नाही. त्याने कोणास बेडी घातली नाही, लीची तलवार मागितली नाही. हत्यारे ठेवून प्रत्येकाने घरी जावे, वसंताच्या नांगरणीसाठी आपापले घोडे व खेचरे बरोबर न्यावीत, अशी सूट दिली. उपाशी शत्रूस पंचवीस हजार शिधे धाडिले. आणि आपल्या लोकांनी विजयाच्या तोफा उडविण्यास आरंभ केला, तो बंद करविला. पुढे नव्या अध्यक्षाने ली ह्याजवर राजद्रोहाचा खटला भरण्याचा घाट घातला, तेव्हा आपण दिलेला शब्द मोडल्यास राजीनामा देईन असे बजावून ग्रँटने तो हाणून पाडिला.

येथे क्षणभर थांबून एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. रणांगणावर ग्रँटला यश आले ते मनुष्यावर विश्वास टाकण्याच्या त्याच्या शक्तीमुळे. शर्मन, शेरिडन अशा सरदारांस त्याने काम सोपविले म्हणजे तो त्यांच्या हातात लुडबुड करीत नसे. शत्रूवरदेखील त्याने विश्वास टाकिला आणि तो सफळ झाला. परंतु रणांगणाचा एक विशेष आहे. तेथे प्रत्येकाच्या लायकीचा हिशेब रोज संध्याकाळी आपोआप होतो. नालायक सरदार दुसऱ्या दिवशी झाकून राहत नाही. राज्यकारभारात आणि बाजारात तसे नसते. तेथे खोटा मनुष्य वर्षानुवर्षे खऱ्याचे सोंग वठवू शकतो, आणि हिशेब कोणी मागितल्यावाचून होत नाही. हा भेद ग्रँटच्या ध्यानात आला नाही.

१८६८ साली, सेहेचाळिसाव्या वर्षी, तो अध्यक्ष निवडून आला. त्याच्या कारकीर्दीची उजवी बाजू आधी सांगणे न्याय्य होईल, कारण पुष्कळ वर्षे इतिहासकारांनी ती झाकून ठेविली होती. वर्ण किंवा पूर्वीची गुलामी ह्या कारणावरून कोणासही मताचा हक्क नाकारता येणार नाही, ही राज्यघटनेची पंधरावी दुरुस्ती १८७० साली मंजूर झाली आणि ग्रँटने तिला मनापासून पाठबळ दिले. कालपर्यंत जे विकले जात होते ते मत देऊ लागले, कायदेमंडळात बसू लागले. हे ज्यांस सहन होईना त्यांनी कू क्लक्स क्लॅन नावाची गुप्त टोळी बनवून रात्री घरे जाळणे, चाबकाने फोडणे, खून करणे असा सत्र मांडिला. साक्षीदार बोलत ना, पंच गुन्हेगारास सोडून देत. ग्रँटने १८७० व १८७१ साली कडक कायदे करून घेतले, नव्या न्यायखात्यातील मुख्य सरकारी वकील एकरमन ह्यास मोकळीक दिली, आणि १८७१ च्या ऑक्टोबरात दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ जिल्ह्यांत कायद्याची नेहमीची बंधने दूर ठेवून सैन्याकरवी शेकडो लोकांस पकडिले. त्या टोळीचा कणा मोडला.

हक्क कागदावर लिहून भागत नाही. तो बजावावयास बाहेर पडणाऱ्याच्या पाठीशी सरकार उभे राहिले पाहिजे, हे ह्यावरून दिसून येते. पुण्यास जोतीराव फुले यांनी आपले गुलामगिरी हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध करून ते गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले, ते ग्रँटच्याच कारकीर्दीत. त्या लोकांचे ते काम त्या वर्षी अर्धे झाले होते आणि अर्धे धोक्यात होते.

परराष्ट्रीय व्यवहारातही त्याच्या हातून एक मोठी गोष्ट घडली. युद्धकाळात इंग्लंडात बांधलेल्या आलाबामा वगैरे जहाजांनी अमेरिकेचा व्यापार बुडविला होता. त्याबद्दल दोन राष्ट्रांत लढाई जुंपावयाची, ती न होऊ देता जिनीव्हा येथे पंचांपुढे दावा चालला, आणि १८७२ साली इंग्लंडने एक कोटी पंचावन्न लक्ष डॉलर भरपाई देण्याचा निवाडा निमूटपणे मान्य केला. दोन प्रबळ राष्ट्रांनी तोफेऐवजी पंचायतीने भांडण मिटविल्याचे हे उदाहरण पुढे वारंवार पुढे करण्यात आले. तसेच १८७३ च्या सप्टेंबरात जे कूक ह्याची नामांकित पेढी बसून देशभर मंदी पसरली, तेव्हा कागदी नोटा वाढवून तात्पुरते समाधान करण्याचे बिल कायदेमंडळाने पास केले. स्वपक्षाचा रोष पत्करून ग्रँटने १८७४ साली ते नामंजूर केले.

आता डावी बाजू. युद्धानंतर शहरोशहरच्या श्रीमंतांनी ग्रँटला घरे बांधून दिली होती. ती त्याने निष्कपटपणे घेतली, आणि देणगी देणाऱ्याच्या मनात काय असते ह्याचा विचार केला नाही. खजिन्याचा मंत्री म्हणून त्याने न्यूयॉर्कचा बडा व्यापारी स्ट्यूअर्ट ह्याचे नाव सुचविले. पण चालू व्यापार करणाऱ्यास ते पद देता येत नाही असा जुना कायदा निघाला. तो कायदा त्यास ठाऊकच नव्हता! त्याच वर्षी, १८६९ साली, गूल्ड व फिस्क ह्या दोन सटोडियांनी बाजारातले सोने एकहाती गोळा करून भाव चढविण्याचा कट केला. सरकारी खजिन्यातले सोने विकावयास निघाले तर कट फसावयाचा, म्हणून त्यांनी अध्यक्षाच्या बहिणीचा नवरा कॉर्बिन ह्यास फितविले. त्याच्या घरी ग्रँटची व गूल्डची गाठ पडे, आणि ती पाहून बाजार समजे की अध्यक्ष आतून ह्यांना सामील आहे. ग्रँटला संशय आला तो फार उशिरा. २४ सप्टेंबर रोजी सोन्याचा भाव एकशे साठच्या घरात गेला असता त्याने चाळीस लक्ष डॉलरांचे सोने विकण्याचा हुकूम दिला, आणि काही मिनिटांत भाव एकशे तेहतिसावर कोसळला. कट मोडला, पण त्या काळ्या शुक्रवारी शेकडो निरपराध व्यापारी धुळीस मिळाले. ग्रँटने त्यातली एक कवडीही घेतली नव्हती. त्याच्या सोयऱ्याच्या दिवाणखान्यात केवळ त्याचे बसणे विकले गेले होते!

पुढे हेच वारंवार घडले. १८७५ साली असे उघडकीस आले की, दारूवरील कराचे लक्षावधी डॉलर कारखानदार व सरकारी अंमलदार मिळून खात आहेत. खजिन्याचा मंत्री ब्रिस्टो ह्याने धाडी घातल्या, शंभरावर लोकांवर गुन्हे शाबीत झाले. कोणाही अपराध्यास सोडू नये असे ग्रँटने प्रथम फर्माविले खरे. पण धागा त्याचा खाजगी चिटणीस बॅबकॉक ह्याच्यापर्यंत पोहोचताच त्याने त्याच्या तर्फेने शपथेवर जबानी दिली. चिटणीस सुटला, आणि त्यास दुसरी सरकारी नोकरीही मिळाली. पुढल्याच वर्षी लष्करखात्याचा मंत्री बेल्कनॅप ह्याच्या घरात एका लष्करी ठाण्याच्या दुकानदाराकडून वर्षोवर्ष पैसा येत असल्याचे सिद्ध होऊ लागले. तो सकाळी धावत येऊन राजीनामा देऊन गेला. ग्रँटने चौकशी न करता तो तत्काळ स्वीकारिला, आणि मंत्री आता पदावर नाही ह्या सबबीवर तो महाभियोगातून निसटला. नोकऱ्या वशिल्याने न देता परीक्षेने द्याव्या म्हणून ग्रँटने १८७१ साली मंडळ नेमिले होते. कायदेमंडळाने पैसा बंद करताच तेही त्याने सोडून दिले. ज्याने व्हिक्सबर्गला दीड महिना वेढा सैल होऊ दिला नाही, त्यास येथे दम निघाला नाही.

ह्या भानगडींची खरी किंमत कोणी दिली, हे पाहिले म्हणजे मन उद्विग्न होते. मंत्री बदनाम झाले, सरकारचे वजन गेले, उत्तरेचे लोक कंटाळले; आणि १८७५ साली मिसिसिपीत काळ्या मतदारांवर पुन्हा बंदुका रोखल्या गेल्या, तेव्हा तेथील गव्हर्नराने सैन्य मागितले असता ग्रँटने ते धाडिले नाही. त्या निर्णयाचा त्यास पुढे खेद वाटला. त्याने पद सोडिले त्याच वर्षी, १८७७ साली, दक्षिणेतील उरलेली फौज सरकारी इमारतींवरून उठविण्यात आली, आणि पंधरावी दुरुस्ती तेथे बहुतांशी कागदावर निजून राहिली. १८६५ च्या विजयानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९६५ सालच्या मताधिकाराच्या कायद्याने, ती जागी झाली. अंमलदारांच्या लाचखाऊपणाने केवळ खजिनाच रिता होतो असे नव्हे. ज्या सत्कार्यासाठी सरकार उभे असते त्या सत्कार्यावरचा लोकांचा विश्वासही त्यात वाहून जातो, आणि त्याचा फटका सर्वांत दुबळ्यास बसतो.

असो. पृथ्वीप्रदक्षिणेहून परतल्यावर १८८० साली तिसऱ्यांदा अध्यक्ष होण्याचा त्याचा प्रयत्न फसला, आणि तो न्यूयॉर्कास जाऊन राहिला. तेथे त्याच्या मुलाने फर्डिनंड वॉर्ड नावाच्या एका तरुण, गोडबोल्या गृहस्थाशी भागी केली होती. ग्रँट आणि वॉर्ड ह्या नावाने पेढी निघाली; सेनापतीने तीत एक लक्ष डॉलर, म्हणजे होते नव्हते ते सारे, घातले. नफा पाहून डोळे दिपत. वस्तुतः धंदा असा काही नव्हताच. वॉर्ड हा एकच तारण अनेक ठिकाणी गहाण टाकून कर्ज काढी, नव्या ठेवीदाराच्या पैशांतून जुन्यास नफा वाटी, आणि ग्रँटच्या वशिल्याने सरकारी मक्ते मिळतात अशी कुजबुज पसरवी. वह्या त्याच्या एकट्याच्या हातात. ग्रँट कचेरीत येई, चिरूट ओढी, पुढे येईल त्या कागदावर सही करी. खतावणी उघडून पाहण्याची त्यास कधी गरज भासली नाही. रविवार, ४ मे १८८४ रोजी वॉर्ड घरी आला आणि म्हणाला की, मरीन बँक अडचणीत आहे, एका दिवसापुरते दीड लक्ष पाहिजेत. ग्रँट काठी टेकीत कोट्यधीश व्हँडरबिल्ट ह्याच्याकडे गेला. व्हँडरबिल्टने पेढीस नव्हे, पण ग्रँटला म्हणून तत्काळ चेक दिला. मंगळवारी बँक बसली, पेढी बसली, वॉर्ड नाहीसा झाला. देणे सुमारे एक कोटी साठ लक्षांचे निघाले. ऐवज जवळजवळ शून्य. ग्रँटचे नातलग आणि कित्येक जुने शिपाई, ज्यांनी केवळ त्याचे नाव पाहून पैसा ठेविला होता, ते सारे बुडाले. वॉर्ड पुढे दहा वर्षांच्या शिक्षेवर तुरुंगात गेला. पण त्याने गेलेले परत येते थोडेच!

ह्यापुढे ग्रँटने जे केले त्यासाठी हे चरित्र लिहिण्याजोगे आहे. व्हँडरबिल्ट कर्ज सोडावयास तयार होता; ग्रँट पतिपत्नींनी ते मान्य केले नाही. घरे, जमिनी, युद्धातल्या तलवारी, जगभरच्या राजांनी दिलेल्या भेटी, सर्व त्यांनी त्याच्या स्वाधीन केले; तलवारी व मानचिन्हे अखेर राष्ट्राच्या संग्रहात गेली. अध्यक्ष होतेवेळी सैन्यातला हुद्दा सोडिल्यामुळे त्यास पेन्शनही नव्हते. त्याच उन्हाळ्यात एके दिवशी फळ खाताना घशात असह्य कळ आली, आणि शरद ऋतूत डॉक्टरांनी कॅन्सरचे निदान केले. बायकोच्या नावे दमडीही नसता मरावयाचे, हा विचार त्यास सहन होईना. एका मासिकाने युद्धावरील लेखांस पैसे देऊ केले होते. त्यावरून आत्मचरित्राची कल्पना निघाली. ते मासिक पुस्तकावर शेकडा दहा देत होते, आणि ग्रँट ते घेण्यास तयारही झाला होता. प्रसिद्ध ग्रंथकार मार्क ट्वेन ह्याने आपल्या प्रकाशनसंस्थेतर्फे निव्वळ नफ्याचे शेकडा सत्तर देऊन त्यास ह्या शेवटच्या सौद्यात तरी वाचविले.

एका वर्षाच्या आत, गिळता येईना, झोप येईना, अशा स्थितीत त्याने दोन जाड खंड लिहिले. आवाज होता तोवर सांगून लिहविले. तो गेल्यावर पेन्सिलीने स्वतः लिहिले. १८८५ च्या मार्चात कायदेमंडळाने त्याचा हुद्दा व वेतन परत दिले. जूनमध्ये त्यास माउंट मॅक्ग्रेगर ह्या डोंगरावर नेले. तेथे जुलैत एक पाहुणा भेटीस आला, तो बकनर. एकवार तो ग्रँटच्या खाणावळीच्या बिलास जामीन राहिला होता, एकवार त्याने ग्रँटपुढे किल्ला ठेविला होता. आता ग्रँट बोलू शकत नव्हता, कागदावर लिहून उत्तरे देत होता. पुस्तक पुरे झाल्यावर थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८८५ रोजी, त्याने देह ठेविला. न्यूयॉर्क येथील अंत्ययात्रेत शर्मन व शेरिडन ह्यांच्याबरोबर शत्रुपक्षाचे जॉन्स्टन आणि बकनर हेही शवपेटीचे मानकरी होते. पुस्तकाच्या तीन लक्षांहून अधिक जोड्या खपल्या. १८८६ च्या फेब्रुवारीत जूलियेच्या हाती दोन लक्ष डॉलरांचा पहिला चेक पडला. आज पन्नास डॉलरच्या अमेरिकन नोटेवर ज्याचे चित्र छापलेले असते तो हाच मनुष्य.

ह्या आत्मचरित्राविषयी एक गोष्ट सांगून आम्ही आटोपते घेतो. त्यात युद्धाची हकीकत बारीकसारीक तपशिलासह आहे. आपल्या चुकाही त्याने झाकल्या नाहीत. परंतु अध्यक्षपदाच्या आठ वर्षांविषयी त्यात जवळजवळ काहीच नाही. मृत्यूने तेवढी सवड दिली नाही हे खरे. पण त्या वर्षांचा जमाखर्च त्याच्यापाशी कधी तयार नव्हता, हेही तितकेच खरे. तो दुसऱ्यांच्या वह्यांत होता.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या नावाची पाटी दुसऱ्याच्या कारभारावर लटकत असते. कोणी पतपेढीचा संचालक असतो, कोणी देवस्थानाचा पंच, कोणी शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष, कोणी पुतण्याच्या दुकानातला निजलेला भागीदार. त्यांतले बहुतेक सज्जन असतात, आणि आपण काही खाल्ले नाही एवढ्यावर ते रात्री स्वस्थ झोपतात. ग्रँटनेही काही खाल्ले नव्हते. वही मागितली तर मुनीम रागावेल, भाऊ दुखावेल, मित्रास अविश्वास वाटेल, अशी भीड आपल्यात फार. परंतु जो खरा आहे त्यास वही दाखविण्यात अपमान वाटत नाही, आणि ज्यास वाटतो त्याची वही तर अगोदर पाहिली पाहिजे. गरिबाने पैसा ठेविला तो मुनिमाचे तोंड पाहून नव्हे, पाटीवरचे नाव पाहून. ते नाव आपले असेल, तर महिन्यातून एकदा तरी दिवा जवळ ओढून खतावणी आपल्या डोळ्यांनी वाचणे हे आपले कर्तव्य आहे. ते न करणाऱ्या भल्या मनुष्यास सर्वस्व देऊन आणि मरणाशी झुंजून आपले ऋण फेडावे लागते, हे आपण पाहिलेच. आणि एवढे करूनही बुडालेल्या जुन्या शिपायांचे पैसे परत आले नाहीत, तेही.